सिकलसेलचे लेकरू शाळेत जाते तेव्हा

विदर्भात जूनचा शेवट आला की वस्तीचे रूप पालटते. ऊन उतरते, पहिला पाऊस पडतो, आणि गल्लीतली लहान लेकरे नवे दप्तर पाठीवर घेऊन घराघरात दाखवत फिरतात. पण ज्या घरात सिकलसेलचे लेकरू आहे, त्या घरच्या मायबापाच्या छातीवर त्याच दिवसांत दगड ठेवल्यासारखा असतो. आतापर्यंत लेकरू डोळ्यांसमोर होते. आता रोज पाच-सहा तास ते परक्या माणसांच्या हाती जाणार.

एका वस्तीतली गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कारण ती एकाच घरची गोष्ट नाही. पहिलीत गेलेली एक मुलगी. पहिल्याच आठवड्यात तिने तास चालू असताना लघवीला जायचे विचारले. "मधल्या सुट्टीत जा," असे उत्तर आले आणि मुले हसली. दुसऱ्या दिवसापासून पोरीने स्वतःच तोड काढली. लघवीला जावे लागू नये म्हणून तिने पाणी पिणेच सोडले. बाटली भरलेली जायची, भरलेलीच परत यायची. चौथ्या रात्री तिचे दोन्ही पाय ठणकायला लागले आणि घरच्यांनी तिला दवाखान्यात नेले.

आम्ही बाईंना भेटलो तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "मला कोणी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. आईला विचारले, तर ती म्हणाली, "सांगितलं असतं तं साऱ्या मोहल्ल्यात झालं असतं. उद्या पोरीच्या लग्नाचं कोण पाहणार?"

या गोष्टीत वाईट कोणीच नाही. बाई वाईट नाहीत, आईही नाही. तरी लेकराला दुखणे सोसावे लागले. म्हणून या पाठाचा मुद्दा आम्ही सुरुवातीलाच सांगून ठेवतो. सिकलसेलच्या लेकराची शाळेची खरी तयारी दोन गोष्टींत आहे. लेकराला आपले दुखणे सांगता आले पाहिजे, आणि ऐकणाऱ्याने ते खरे मानले पाहिजे. बाकीची सगळी तयारी या दोन गोष्टींसाठी आहे.

आधी आजार नीट समजून घेऊ

आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि मऊ असतात. बारीक नसांमधूनही त्या दबून-वाकून पुढे सरकतात. सिकलसेलमध्ये या पेशींतले हिमोग्लोबिन वेगळ्या घडणीचे असते. प्राणवायू कमी पडला की पेशी कडक होते आणि विळ्यासारखी वाकते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. वाकलेल्या पेशी बारीक नसांत अडकतात. पुढे रक्त पोहोचत नाही आणि तो भाग ठणकायला लागतो. साधी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकल पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून या लेकरांच्या अंगात रक्त कायम कमी असते, ती लवकर दमतात आणि त्यांचे डोळे पिवळसर दिसतात.

पेशी वाकायला काही कारणे घडतात. शाळेच्या दृष्टीने पाच कारणे लक्षात ठेवा: अंगातले पाणी कमी होणे, थंडी किंवा पावसात भिजणे, फार ऊन, दम निघेपर्यंतचे श्रम, आणि ताप किंवा कोणताही संसर्ग. या पाचांपैकी पहिली चार कारणे शाळेत थोडे लक्ष दिले तर बरीचशी टाळता येतात.

हा आजार शिवल्याने होत नाही. एका ताटात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने, एकमेकांचे पाणी प्यायल्याने होत नाही. तो जन्मतःच आईबापांकडून येतो, आणि दोघांकडून येतो. आई आणि बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी होण्याची चारात एक. म्हणजे आजारी लेकराच्या रक्तातला अर्धा वाटा बापाचा असतो. तरीही बोल सुनेलाच लागतो, हे आम्ही घरोघरी पाहतो. ज्या घरात आईला दोष दिला जातो, त्या घरात ती शाळेत जाऊन आजाराबद्दल तोंड उघडायला धजत नाही. तेव्हा घरातल्या सासूबाई-सासरे आणि बापाने ही चारातल्या एकाची गोष्ट आधी समजून घ्यावी.

"हा आपल्याच जातीचा रोग आहे," असेही कानावर येते. हे खरे नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाचा जोर होता, तिथे हा गुण टिकून राहिला, कारण वाहक माणसाचा जीवघेण्या मलेरियापासून काही प्रमाणात बचाव होतो. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राकाठचे देश आणि आपला मध्य भारत, सगळीकडे तो सापडतो. महाराष्ट्रात तो बौद्धांत आहे, तसाच गोंड, माडिया, भिल्ल, पावरा समाजांत आहे, कुणबी आणि तेली समाजांतही आहे. डासांनी घडवलेल्या इतिहासाची लाज आपण कशाला बाळगायची?

एक गोष्ट इथेच स्पष्ट करू. वाहक मूल, म्हणजे ज्याच्या अहवालावर 'एएस' लिहिलेले असते, ते आजारी नसते. त्याला नेहमीच्या शाळेसाठी वेगळी काळजी लागत नाही. हा पाठ 'एसएस' किंवा सिकल-थॅलेसेमिया असलेल्या लेकरांसाठी आहे. आपल्या मुलाची तपासणी झालीच नसेल, तर शाळेत घालण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात ती करून घ्या. पहिल्या चाचणीत फक्त सिकल आहे की नाही एवढे कळते. वाहक की रुग्ण, हे पुढच्या पक्क्या चाचणीत ठरते. म्हणून पहिल्या चाचणीवर थांबू नका.

शाळा उघडण्याआधीचे दोन महिने

एप्रिल-मे मध्ये एकदा डॉक्टरांकडे जा. ताप नाही, दुखणे नाही, अशा चांगल्या दिवशी जा. त्या भेटीत पुढच्या गोष्टी करून घ्या.

१. लेकरू ठणठणीत असताना त्याचे हिमोग्लोबिन किती असते, ते वहीत लिहून घ्या. यातल्या अनेक लेकरांचे हिमोग्लोबिन नेहमीच ७ ते ९ च्या आसपास असते. नेहमीचा आकडा माहीत असला की पुढे आजारपणात तो खरोखर उतरला आहे का, हे नव्या डॉक्टरलाही लगेच कळते.

२. लसींचे कार्ड दाखवा. न्यूमोनियाची न्यूमोकोकल लस या लेकरांसाठी फार महत्त्वाची आहे. ती बाळपणी सरकारी लसीकरणात मिळते. दोन वर्षांनंतर द्यायची वेगळी न्यूमोकोकल लस, टायफॉइडची आणि फ्लूची लस यांबद्दलही विचारा. शाळेत पन्नास लेकरांचा खोकला-सर्दी एकत्र येतो. लस त्याच्या आधी झालेली बरी.

३. औषधांच्या वेळा शाळेबाहेर बसवा. फॉलिक ॲसिडची गोळी रोज, पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन दिवसातून दोनदा, आणि डॉक्टरांनी सुरू केले असेल तर हायड्रॉक्सीयुरिया रोज. सकाळी उठल्यावर आणि रात्री जेवल्यावर, अशा ठरलेल्या वेळी औषध दिले तर शाळेत औषध पाठवायची गरज सहसा पडत नाही. हायड्रॉक्सीयुरियाने दुखण्याचे झटके कमी होतात, पण डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासावे लागते. बरे वाटते म्हणून ते मध्येच सोडू नका. गरोदर बाईने त्या कॅप्सूलला हात लावू नये.

४. पोट तपासायला शिका. डाव्या बरगडीखाली प्लीहा असते, तिला आपल्याकडे पाणथरी म्हणतात. कधीकधी तिच्यात अचानक रक्त साचते, ती भराभर वाढते आणि लेकरू काही तासांत पांढरे पडते. डॉक्टर किंवा नर्सताईंकडून ती हाताने कशी चाचपायची, हे एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या.

५. शाळेसाठी डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. आजाराचे नाव, रोजची औषधे, दुखले तर द्यायच्या औषधाचे नाव आणि लेकराच्या वजनाप्रमाणे त्याचे माप, एवढे त्यात असावे. आपल्या मनाने ॲस्पिरिन कधीही देऊ नका.

लोहाच्या गोळीबद्दल वेगळे सांगावे लागते. शाळेत लहान मुलांना आठवड्यातून एकदा लोहाची गुलाबी गोळी देतात. इतर मुलांसाठी ती चांगलीच आहे. पण सिकलसेलमध्ये रक्त कमी असते ते पेशी लवकर फुटतात म्हणून, नेहमीच लोह कमी पडते म्हणून नव्हे. पेशी फुटून निघालेले लोह अंगातच राहते. वारंवार रक्त चढवलेल्या लेकराच्या अंगात तर ते जास्तच साठते. म्हणून आपल्या लेकराला ही गोळी द्यायची की नाही, ते डॉक्टरांना विचारा आणि त्यांचे उत्तर चिठ्ठीत लिहून घ्या.

लेकराला काय शिकवायचे

आपण लेकराला अआइई आणि एक ते शंभर शिकवून शाळेत पाठवतो. सिकलसेलच्या लेकराला त्याच्याही आधी तीन वाक्ये यायला हवीत.

"बाई, मला पाणी प्यायचं आहे."
"बाई, मला लघवीला जायचं आहे."
"बाई, माझा पाय दुखून राहिला."

वाक्ये साधी आहेत. पण नव्या जागी, नव्या माणसापुढे, साठ डोळे बघत असताना ती तोंडातून निघणे सोपे नाही. म्हणून घरी शाळा-शाळा खेळा. ताईने किंवा आजीने बाई व्हावे, लेकराने हात वर करून विचारावे. कधी बाईने मुद्दाम "थांब थोडं" म्हणावे, आणि लेकराने न रडता, न घाबरता पुन्हा सांगावे: "बाई, मला सिकलसेल आहे, मला थांबता येत नाही." रोज दहा मिनिटे असा खेळ महिनाभर चालला की वाक्य जिभेवर बसते.

दुखणे कुठे आणि किती, हेही त्याला सांगता यावे. आरशासमोर उभे करून हात, पाय, पाठ, छाती, पोट ही नावे पक्की करून घ्या. किती दुखते, यासाठी बोटांची खूण ठरवा. एक बोट म्हणजे थोडे दुखते, पण खेळता येते. तीन बोटे म्हणजे बसावेसे वाटते. पाचही बोटे म्हणजे आईला बोलवा. हीच खूण बाईंनाही सांगून ठेवायची.

त्याच्या आजाराबद्दल त्याच्याशी खोटे बोलू नका. "तुला काही झालं नाही" म्हणाल, तर अंगात ठणक असताना ते कोणावर विश्वास ठेवेल? सहा वर्षांच्या लेकराला एवढे सांगितले तरी पुरते: "तुझ्या रक्तातल्या काही पेशी गोल नाहीत, विळ्यासारख्या आहेत. पाणी प्यायलं की त्या नीट वाहतात. थंडी वाजली, फार दमलास की त्या अडकतात. यात तुझी काही चूक नाही." मुले विचारतीलच, "तुझे डोळे पिवळे कसे?" त्याचेही उत्तर तयार असू द्या: "माझ्या रक्तामुळे आहेत. तुला होणार नाही." एवढे बोलून खेळायला पळणारे लेकरू चिडवणाऱ्यांच्या हाती सहसा लागत नाही.

आणि घरी एक नियम पाळा. लेकरू "दुखते" म्हणाले की आधी ते खरे माना. सिकलसेलचे दुखणे वरून दिसत नाही. सूज नाही, जखम नाही, कधी तापही नाही. "शाळा बुडवायचं निमित्त करतोस" हे वाक्य घरात एकदा ऐकलेले लेकरू पुढे शाळेतही गप्प बसते, आणि गप्प बसलेल्या लेकराचे दुखणे वाढूनच हाती येते. एखाद्या दिवशी त्याने खरेच निमित्त केले, तर एक दिवस शाळा बुडेल. त्याचे खरे दुखणे खोटे ठरवले, तर जिवावर बेतू शकते.

बाईंना आणि सरांना काय सांगायचे

शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात आई आणि बाप दोघांनी मिळून वर्गशिक्षकांना भेटा. दारात उभ्या-उभ्या सांगू नका, वेळ मागून घ्या आणि पाच मिनिटे बसून बोला. मुख्याध्यापकांनाही चिठ्ठीची एक प्रत द्या, कारण वर्षाच्या मध्येच शिक्षक बदलू शकतात. सांगायच्या गोष्टी चारच आहेत.

पाण्याची बाटली लेकराच्या बाकावर राहू द्या. तहान लागेल तेव्हा विचारल्याशिवाय पिऊ द्या.

लघवीला लगेच जाऊ द्या. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. म्हणून अंगातले पाणी लवकर बाहेर जाते, वारंवार जावे लागते, रात्री अंथरूणही ओले होते. तो लेकराचा वाईट चाळा नाही. थांबायला लावले की लेकरू पाणी पिणे सोडते आणि तिथूनच दुखणे सुरू होते.

खेळू द्या, पण मध्ये बसू द्या. शर्यतीत जिंकायला धावायला लावू नका, शिक्षा म्हणून उन्हात उभे करू नका, उठाबशा काढायला लावू नका. दम लागला की ते स्वतः बसेल, तेव्हा त्याला आळशी म्हणू नका.

दुखते म्हणाले, ताप वाटला, तर वाट न पाहता फोन करा.

बोलायला अवघड वाटत असेल, तर पुढचे पत्र वहीच्या कागदावर उतरवून द्या.

"आदरणीय बाई / सर, सविनय नमस्कार. आमचे मूल ……… आपल्या वर्गात आहे. त्याला सिकलसेल आजार आहे. हा संसर्गजन्य नाही. त्याला दिवसभर पाणी पिण्याची व लघवीला केव्हाही जाण्याची मुभा द्यावी. थंडीत, पावसात व कडक उन्हात त्याला बाहेर बसवू नये. तो खेळू शकतो, पण त्याला मध्ये विश्रांती लागते. हात-पाय, पोट किंवा छाती दुखते म्हणाला, ताप आला किंवा श्वास लागला, तर ताबडतोब या क्रमांकांवर फोन करावा: ……… आणि ………. आम्ही फोन उचलला नाही तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. आजारपणात शाळा चुकल्यास अभ्यास भरून काढण्यासाठी आपली मदत व्हावी, ही विनंती. आपले विश्वासू, ………"

दोन क्रमांक जरूर लिहा. आई धुण्याभांड्याच्या कामावर आणि बाप ठेक्यावर असेल, तर फोन नेमका वेळेवर लागत नाही. शाळेजवळ राहणारी मावशी, आजी, शेजारीण, कोणीतरी एक माणूस ठरवून त्याचा क्रमांक द्या आणि त्यालाही हा पाठ वाचून दाखवा.

दप्तर, कपडे, डबा

बाटली अशी घ्या, जी लेकराच्या हाताने उघडते आणि बंद होते. घट्ट झाकणाची महागडी बाटली शाळेत उघडली जात नाही. साधारण सोळा-अठरा किलोच्या लेकराने दिवसभरात दीड लिटरच्या आसपास पाणी, ताक, वरणाचे पाणी असे काही ना काही प्यावे. शाळेत अर्धा लिटर तरी गेले पाहिजे. संध्याकाळी दप्तर उघडून आधी बाटली पाहा. ती भरलेली परत आली असेल तर रागावू नका. का प्यायले नाही, ते विचारा. संडास घाण आहे, कडी लागत नाही, मोठी मुले हसतात, असे काहीतरी खरे कारण तिथेच कळेल.

पावसाळ्यात रेनकोट किंवा छत्री असूनही लेकरू भिजते. म्हणून दप्तरात प्लास्टिकच्या पिशवीत कोरड्या कपड्यांचा एक जोड ठेवा. दिवाळीनंतर सकाळी गारठा पडतो, तेव्हा स्वेटर, कानटोपी आणि मोजे. हे कपडे गणवेशाच्या रंगाचे नसले तरी अंगावर राहू द्यावेत, असे बाईंना आधीच सांगून ठेवा.

जेवणात वेगळे महागडे काही लागत नाही. भाकरी-पोळी, वरण, हिरवी भाजी, अंडे, शेंगदाणे, हंगामी फळ. शाळेतली खिचडी खायला काहीच हरकत नाही. उपाशी पोटी मात्र शाळेत पाठवू नका.

काचेचे भांडे करू नका

याच्या उलट चूकही आम्ही पाहतो. काही मायबाप भीतीपोटी लेकराला घरीच ठेवतात. "जगलं-वाचलं तर शिकवू पुढं," असे म्हणतात. सिकलसेलने बुद्धी कमी होत नाही. आज औषधे, लसी आणि वेळेवर उपचार यांच्या आधारावर सिकलसेलची माणसे शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. अंगमेहनतीची जड कामे या लेकराला पुढे झेपणार नाहीत, म्हणून त्याला शिक्षणाची गरज इतरांपेक्षा जास्तच आहे.

दुखण्यामुळे शाळा अधूनमधून चुकणार, हे गृहीत धरा. वर्गातल्या एका जवळच्या मुलाशी आधीच बोलून ठेवा, म्हणजे त्या दिवशीचा गृहपाठ घरी येईल. बरे वाटू लागले की पलंगावरच अर्धा तास वाचन चालू ठेवा. आठवड्याभरानंतर परत जाताना लेकरू बिचकते, तेव्हा पहिल्या दिवशी सोबत जा.

एक गोष्ट मात्र नजरेत ठेवा. चांगले लिहिणारे-वाचणारे लेकरू अचानक मागे पडू लागले, अक्षर बिघडले, लक्ष लागेना, तर त्याला मारू-रागावू नका, डॉक्टरांना सांगा. सिकलसेलमध्ये मेंदूच्या बारीक नसांनाही अडथळा होऊ शकतो आणि त्याचे पहिले चिन्ह कधीकधी वहीतच दिसते.

हे दिसले तर वेळ घालवू नका

थोडे दुखत असेल, तर पाणी पाजा, अंगावर पांघरूण घाला, दुखऱ्या जागी कोमट शेक द्या, डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध द्या. बर्फ लावू नका. पण पुढचे काही दिसले, तर घरी किंवा शाळेत थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

- १०१ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप. या लेकरांसाठी ताप ही साधी गोष्ट नाही.
- छातीत दुखणे, खोकला, श्वास लागणे.
- तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, झटका येणे, एकाएकी फार डोके दुखणे.
- अचानक पांढरे पडणे, गळून जाणे, डावीकडे पोट फुगणे.
- डोळ्यांचा पिवळेपणा नेहमीपेक्षा एकदम वाढणे.
- औषध देऊनही दुखणे न थांबणे, किंवा उलट्यांमुळे पाणी पोटात न टिकणे.
- मुलाच्या लिंगाला ताठपणा येऊन तो दुखणे आणि न उतरणे. लाजेपोटी मुले हे सांगत नाहीत. "असे झाले तर लगेच सांग," असे बापाने मुलाला सांगून ठेवावे.

अंगारा, धागा, बाहेरची बाधा यांत गेलेला एक तासही या वेळी महाग पडतो. या वाटेला न जाण्याचे आपण केव्हाच ठरवलेले आहे. रात्री दोन वाजता लेकरू कण्हत असतानाही ते आठवले पाहिजे.

हक्काच्या काही गोष्टी

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद आहे, त्यांत सिकलसेल आहे. शाळेने अशा मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यावी, असे हा कायदा सांगतो. म्हणून पाण्याची आणि लघवीची मुभा मागताना आपण उपकार मागत नाही. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात तपासणी होते. त्याबद्दल आशाताईंना विचारा. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत मुले तपासायला येते. त्या दिवशी लेकराला हमखास पाठवा आणि आजाराची नोंद करून घ्या. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी आणि समुपदेशन होते. घरातली मोठी भावंडे, काका, मामा यांनीही तपासून घ्यावे.

लपवण्याबद्दल शेवटी थोडे

लग्नाची भीती खरी आहे, ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण हिशेब करून पाहा. लग्न वीस वर्षांनी व्हायचे आहे, आणि तहान आज दुपारी लागणार आहे. जे सांगितल्याने लेकराला रोज पाणी मिळते, ते वीस वर्षांनंतरच्या भीतीपायी दाबून ठेवले, तर लेकरू त्या वीस वर्षांपर्यंत पोहोचणार कसे? शिवाय लग्नाच्या वेळी लपवलेल्या रक्तातूनच पुढच्या पिढीत हा आजार येतो. दोन्हीकडच्यांनी अहवाल उघडपणे समोर ठेवणे, हाच त्यावरचा मार्ग आहे.

शाळा आणि पाणी, या दोन गोष्टी आपल्या समाजाला एकत्र आठवतात. लहान भीमाला शाळेत तहान लागली, तर शिपाई पाणी देईल तेव्हाच मिळे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर त्यांनी ओंजळीत पाणी घेतले. आज आपल्या लेकराची बाटली त्याच्या स्वतःच्या बाकावर आहे. ती भरलेलीच घरी परत येत असेल, तर का येते, हे विचारणे आपले काम आहे.

विहारात बसून बोलण्यासाठी

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, त्याच दिवसांत शाळाही भरलेल्या असतात. वर्षावासातल्या एखाद्या रविवारी ग्रंथवाचनानंतर हा पाठ मोठ्याने वाचावा आणि पुढच्या प्रश्नांवर बोलावे.

१. आपल्या वस्तीत यंदा शाळेत गेलेली सिकलसेलची लेकरे किती? त्यांच्यापैकी किती जणांच्या शिक्षकांना हे माहीत आहे?

२. आपल्या शाळेच्या संडासाला दार, कडी आणि पाणी आहे का? नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हे कोण मांडणार?

३. मायबाप कामावर असताना शाळेतून फोन आला, तर धावून जाणारी दोन माणसे कोण?

४. ज्या घराने अजून तपासणी केली नाही, त्यांच्यासोबत दवाखान्यात कोण जाईल?

नावे कागदावर लिहून घ्या. ज्या मायमाऊलीला शाळेत एकटीने बोलायची भीती वाटते, तिच्यासोबत दोघीजणी जा. पुढच्या रविवारी पुन्हा बसा आणि कोणाच्या लेकराची बाटली रिकामी परत आली, ते एकमेकींना विचारा.